चाळीस पोती चमकदार राजमा

मी अन्नतंत्रज्ञानाची पदवीधर आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण आमच्या घराण्यात हे वाक्य म्हणू शकणारी मी पहिलीच, आणि म्हणायची संधी मी सहसा सोडत नाही. कंधारकडच्या आमच्या गावात या पदवीचे वेगवेगळे अर्थ निघतात. बऱ्याच जणांना वाटतं मी कुठल्या तरी हॉटेलात स्वयंपाक शिकून आले. किराणा दुकानदाराला वाटतं मी भेसळ पकडते, म्हणून मी दिसले की तो तिखटाचं पोतं पायानं मागं सरकवतो. आणि माझ्या काकूला, म्हणजे थोरल्या चुलत्याच्या बायकोला, वाटतं की मी चार वर्षं वसतिगृहात झोपा काढल्या. तिनं हे मत कधी लपवलं नाही. मी सुट्टीवर घरी आले की ती ओट्यावरूनच विचारायची, "झाली का गं झोप?"

पदवीनंतर मला लातूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. मालक डाळमिलवाले. वडिलांपासूनचा धंदा, पण मुलाच्या हट्टापायी त्यांनी मिलशेजारी एक नवी शेड टाकली होती. तिथं कडधान्यातून प्रथिन वेगळं काढायचं. काम ऐकायला अवघड, करायला त्यापेक्षा सोपं. कडधान्य दळायचं, पीठ पाण्यात कालवायचं, त्यात बेतानं सोड्याच्या जातीचा खार घालायचा. खाराच्या पाण्यात प्रथिन उतरतं. चोथा आणि चीक तळाला बसतो. वरचं पाणी वेगळं घेऊन त्यात आम्ल घातलं की दूध नासतं तसं प्रथिन फाटून बाहेर येतं. ते धुवायचं, तापवायचं, गरम हवेत फवारून वाळवायचं. पावडर तयार. ती बिस्किटांत जाते, शेवयांत जाते, अंड्याऐवजी केकमध्ये जाते. डब्यात भरून वर दंड फुगवलेला माणूस छापला, तर ज्यांना वरण खायला वेळ नाही असे लोक ती वरणाच्या कितीतरी पट भावानं पाण्यात कालवून पितात. मला त्याचं काही वाईट वाटत नाही. त्यांच्यामुळंच माझा पगार निघतो.

या धंद्यातली मला आवडलेली गोष्ट एकच. त्यात जुनं, न शिजणारं कडधान्यही चालतं. दोन उन्हाळे पत्र्याखाली तापलेला राजमा तुम्ही कुकरला लावून बघा. शिट्ट्या मोजून तुम्ही थकाल, राजमा थकणार नाही. दाताखाली धरला तर दातच हलेल. पण शिजत नसला तरी त्यातलं प्रथिन कुठं पळून गेलेलं नसतं. ताज्या मालापेक्षा थोडं कमी निघतं, पण निघतं. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आणि माझ्या घरी त्याची गरज पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

गरज पडली ती मायमुळं. माझी माय गावातल्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. आमच्याकडं राजमा हे पीक तसं नवंच. पहिल्या वर्षी सगळ्यांनी हौसेनं केलं, आणि काढणीला भाव पडला. गटाच्या बैठकीत माय उभी राहून म्हणाली, "आता इकायचा न्हाई. ठिवायचा." तिच्या शब्दावर बायकांनी आपापला माल एकत्र केला आणि समाजमंदिरामागच्या पत्र्याच्या खोलीत चाळीस पोती रचून ठेवली. भाव काही चढेना. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. शेवटी भाव चढला तेव्हा माय आणि काकू नमुना घेऊन नांदेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गेल्या. व्यापाऱ्यानं मूठभर राजमा दुकानातच कुकरला लावला, पाऊण तास गप्पा मारल्या, मग एक दाणा तोंडात टाकला आणि लगेच हातावर काढला.

"मावशी, ह्यो माणसाचा माल न्हाई राहिला. भरड्यात घालायचा असल तर बोला."

भरडा म्हणजे जनावरांचं खाद्य. त्या महिन्याच्या बैठकीला मी योगायोगानं गावी होते. काकूनं उभं राहायची तसदी घेतली नाही, बसूनच बोलली. "अध्यक्षबाई म्हनल्या ठिवा, आमी ठिवलं. आता म्हशी खात्यात. पुढच्या बैठकीला दुसरी अध्यक्ष बगा, जिला म्हशी आन माणसं यातला फरक कळतो."

माय नखानं चटईची काडी काढत बसली. माझी माय गप्प बसली असं मी तोवर पाहिलं नव्हतं. शाळेच्या मास्तरांपासून तहसीलच्या बाबूपर्यंत सगळ्यांशी ती भांडलेली. मला ते सहन झालं नाही. मी म्हणाले, "राजमा मी नेते. आमच्या शेठला लागतो. माणसाच्या भावात घेतील."

"तुझा शेठ दात तपासून घेतो का?" काकू म्हणाली. बायका हसल्या. मायनं माझ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत आशा कमी अन् धाक जास्त होता.

शेठनी ऐकून घेतलं. पुण्याच्या एका कंपनीचे साहेब नमुना चाखायला येणार होते. त्यांना पावडर पसंत पडली तर चाळीसही पोती घेऊ, नाही तर गाडीभाडं गटाचं, असं ठरलं. टेम्पो आला, पहिलं पोतं उघडलं, आणि माझी छाती फुगली. दाणे असे चमकत होते की आत्ताच शेंगेतून काढले असावेत.

"बघा शेठ," मी म्हणाले, "दोन वर्षं झाली तरी चमक बघा. आमच्या मातीचा गुण हाय."

शेठनी दाणा बोटात चोळला, बोटाकडं पाहिलं, पँटला पुसलं. "तेल-बिल लावलंय का?"

"न्हाई हो. आमच्याकडं सगळं नैसर्गिक ठेवतात."

हे मी कुणाला विचारून बोलले? कुणालाच नाही. मायला फोन करायला दोन मिनिटं लागली असती. पण बारावीनंतर मी वसतिगृहात, घरचं कडधान्य कसं ठेवतात हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पदवीधर माणसानं आठवी नापास आईला फोन करून साठवणुकीबद्दल विचारावं, हे मला सुचलंही नाही. सुचलं असतं तरी केलं नसतं, हे खरं सांगते.

आमच्याकडं माल चाळणीतून आणि पंख्यातून साफ होत असे. डाळमिलची सवय, धान्य पाण्यात घालणं तिथं कुणाला पटायचं नाही. एक पोतं तसंच सालासकट दळलं. खाराच्या टाकीत पीठ पडलं तेव्हा फेस आला. नेहमी येतो त्यापेक्षा लई आला. टाकीच्या काठावरून खाली उतरायला लागला. ऑपरेटर घाबरला. मी त्याला समजावलं की चांगलं प्रथिन फेस धरतं, पुस्तकात आहे. पावडर सुकून आली तिला थोडा वास होता. पुस्तकात त्याचंही नाव होतं, कडधान्याचा अंगचा वास. मी अहवालात लिहिलं, 'नैसर्गिक वास, मर्यादेत.' खाली सही केली. माझी सही चांगली आहे, कॉलेजात सराव करून बसवलेली.

पुण्याचे साहेब आले. तिशीचे, सडपातळ, पाण्याची स्वतःची बाटली घेऊन. त्यांनी पावडर पाण्यात हलवली, नाकाशी धरली, घोट घेतला, डोळे मिटले.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "हर्बल नोट आहे याला. मुद्दाम आणलीये का? आमच्या ग्राहकांना आवडू शकेल हे."

मी नम्रपणे हसले. मुद्दाम आणल्यासारखं.

मग शेठनी पेला उचलला. पेला ओठाला लागायच्या आधीच साठीचे शेठ आठ वर्षांचे झाले. मान मागं, ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी.

"साहेब, हे एरंडेल हाय."

"म्हणजे?"

"लहानपणी नाक दाबून पाजत्यात. पोट साफ व्हायला."

साहेबांनी पेला हळूच टेबलावर ठेवला, ओठ पुसले आणि स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं. सहजच विचारलं, असं म्हणाले. लातूर-नांदेडकडं सगळे जण जे तेल वासावरून ओळखतात, ते न ओळखणारे त्या दिवशी तिथं दोघंच निघाले. एक पुण्याचे साहेब आणि एक मी. त्यांना बिचाऱ्यांना कुणी पाजलं नसेल. मला पाजलं होतं, दर पावसाळ्याच्या आधी, काकूनं पाय धरून आणि मायनं नाक धरून.

फेसाचंही कोडं तिथंच सुटलं. तेल आणि खार एकत्र आले की साबण होतो. हे मी पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत करून दहापैकी नऊ मार्क घेतले होते. टाकीच्या काठावरून उतरत होता तो साबण, आणि मी ऑपरेटरला पुस्तक शिकवत होते.

शेठ ओरडले नाहीत, हेच वाईट. "इंजिनीअरबाई, उरलेली एकोणचाळीस पोती वापस पाठवा. भरड्यात जातील."

मी त्यांचे पाय धरले नाहीत. ते मला जमत नाही. मी म्हणाले, "साहेब उदगीरला चाललेत, शुक्रवारी याच रस्त्यानं परत येणार. तोवर एक पोतं द्या. चूक माझी हाय, मालाची न्हाई."

शेठनी पंख्याकडं पाहिलं. "शुक्रवार," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी गावी गेले. माय आणि काकू ओट्यावर लसूण सोलून राहिल्या होत्या. त्या दोघी भांडण चालू असतानाही लसूण एकत्रच सोलतात.

"माय, राजम्याला एरंडेल लावलं होतं का?"

"हाव. न्हाई तर काय तूप लावू? तुरीच्या डाळीला लावतो तसं लावलं. दोन वर्षांत एक भुंगा दाव."

"मग सांगितलं न्हाईस मला?"

"तू इचारलंस?"

मी पेल्यापासून शुक्रवारपर्यंत सगळं सांगितलं.

"धुतलं न्हाई तुमी?" मायचा हात थांबला.

"मिलीत धान्य धूत नसतात माय. चाळतात."

"अगं, धुतल्याबिगर मी माझ्या पातेल्यात घालत न्हाई, आन तुमी मिशिनीत घातलं?"

काकूनं पाकळी सोलून सुपात टाकली. "म्या म्हनलं नव्हतं? झोपा."

सांगितल्यावर मायनं एक शब्दही चुकून सहानुभूतीचा काढला नाही. तिनं विचारलं ते एवढंच, शुक्रवारला किती दिवस. मग उठली, लुगडं बदललं आणि पिशवीत हरभऱ्याचं पीठ भरायला लागली. काकूही उठली. "मी येते. गटाच्या वतीनं. नंतर म्हनू नका की दोघी मायलेकींनीच काय ते ठरवलं."

शेडमध्ये जाताना दोघींना केसांवर जाळी, हातमोजे आणि पांढरे झगे घालावे लागले. नियम आहे, आणि तो मीच लिहिलेला. मायनं जाळी बोटावर धरून बघितली. "माझं केस काय गळून राहिले का?" काकूनं मात्र जाळी घालून पोलादी टाकीत आपलं तोंड बघितलं, दोनदा.

मायची रीत साधी होती. कोमट पाणी, त्यात हरभऱ्याचं पीठ, आणि दाणा दाण्यावर घासायचा. पीठ तेल ओढून घेतं. मग स्वच्छ पाण्यानं दोनदा खळबळून पत्र्यावर उन्हात टाकायचं. पोत्याभर राजमा चोळायला आम्ही तिघी आणि ऑपरेटर लागलो. दुपारपर्यंत चमक गेली. दाणे दिसायला मळकट, निस्तेज झाले, आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

दळण झालं, टाकीत पडलं. फेस बेताचाच आला. माय शेजारी उभी. "ह्यो खार घातला तो कोंचा?"

मी सांगितलं.

"म्हंजे पापडखाराचाच भाऊ. जुना राजमा मी बी पापडखारातच भिजिवते. लोण्यावानी शिजतो."

आम्ल घातलं, प्रथिन फाटलं. "आन ह्यो लिंबाचा भाऊ."

'हे तर मलाच येतं' असं तिच्या तोंडावर आलेलं मला दिसलं, आणि मी ते तिथंच थांबवलं. "माय, तुझ्या पापडखारानं राजमा शिजतो. त्यातलं प्रथिन वेगळं निघून हातात येत न्हाई. कुठल्या मापाला उतरतं, कुठल्या मापाला फाटतं, कच्चं राहिलं तर पोट बिघडतं म्हणून किती तापवायचं, हे मी शिकले. ते तुला येत न्हाई."

मायनं फाटलेल्या पांढऱ्या गोळ्याकडं बघितलं. "न्हाई येत," म्हणाली. "पर धुवायचं यायला पायजे होतं तुला."

आम्ही दोघी बरोबर होतो, आणि त्यामुळं दोघींनाही थोडा राग होता.

शुक्रवारी साहेब उदगीरहून आले. या वेळी त्यांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला. शेठनी आधीच वास घेऊन ठेवला होता. त्यांचं वय साठच राहिलं. माय आणि काकू दाराशी खुर्च्यांवर, जाळ्या अजून डोक्यावर. काकूनं हातमोजे काढायला नकार दिला होता.

साहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले. आमच्या गावची अध्यक्ष कोण राहणार ते या माणसाच्या जिभेवर ठरत होतं, आणि त्याला हे माहीतही नव्हतं. मी मायकडं बघितलं. ती झग्याच्या काठातला दोरा नखानं काढत होती.

"परफेक्ट," साहेब म्हणाले. "काहीच लागत नाही."

शेठनी मान हलवली. "चाळीसही घेतो," म्हणाले. "पहिलं तर वायाच गेलं, ते बी धरा."

"मला बी द्या," माय म्हणाली. तिला पेला दिला. तिनं घोट तोंडात घोळवला, गिळला, पेल्यात डोकावून बघितलं. "ह्याला चवच न्हाई."

"तेच पायजे माय. चव न्हाई म्हणूनच ती कशातबी घालता येते."

"सोळा वर्षं शिकून तू चव काढाया शिकलीस?"

साहेबांना ते फार आवडलं. ते हसत पुढं झाले आणि मायला समजावून सांगू लागले. "मावशी, ग्रामीण महिलांच्या आहारात प्रोटीन कमी पडतं. तुम्हीसुद्धा रोज एक चमचा घ्यायला हवा."

माय शांतपणे म्हणाली, "हाव का? आमच्याच राजम्यातलं काढून आमालाच सांगून राहिले. मी तर अख्खा खाते."

साहेबांनी बाटलीतलं पाणी प्यायलं.

परतीच्या बससाठी मी दोघींना स्टँडवर सोडायला गेले. बस लागली, काकूनं खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "अधनंमधनं जागी हुतीस म्हनायचं." पुढच्या बैठकीत अध्यक्ष बदलायचा विषय कुणी काढला नाही. काढायचा असता तर काकूच काढणार, आणि काकू त्या बैठकीत हातमोज्यांबद्दल बोलत होती. ते तिनं घरी नेले होते.

चाळीस पोत्यांचं काम सुरू झालं तशी शेठनी धुण्याची पद्धत लिहून फाइलला लावायला सांगितली. धुण्यासाठी वेगळी टाकी आली, तिला नाव मिळालं 'पूर्वप्रक्रिया विभाग'. फॉर्मच्या खाली एक रकाना होता, पद्धत विकसित करणाऱ्याचं नाव. मी माझं लिहिलं. सही केली. मग दोन दिवस तो कागद टेबलाच्या खणात ठेवला आणि शनिवारी पिशवीत घालून गावी नेला.

मायला रकाना वाचून दाखवला. म्हणाले, "इथं तुझं नाव टाकते. पद्धत तुझी हाय."

तिनं चष्मा लावला, माझ्या सहीवरून बोट फिरवलं. "सही चांगली करतीस," म्हणाली. "ऱ्हाऊ दे तुझंच. उद्या पुण्यात कुणाला हागवण लागली, तर माझ्या नावानं बोंब नको."

मी हसले. ती हसली नाही. कागद घडी घालून माझ्या हातात दिला आणि आत जाता जाता दारातून वळली.

"आन चाळीस पोत्यांचा रिकामा बारदाना वापस पाठव. त्येला बी एरंडेलाचा वास असल. धुऊन पाठव."